थायरॉईडच्या पेशी आणि आमची वहिनी

ऐंशीच्या दशकातली मधली काही वर्षं मी बोकडांच्या गळ्यांमागे घालवली.

पुण्याहून पीएचडी करून मी बेळगावात आले आणि एका मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागले. काम थायरॉईडच्या पेशींवर होतं. ही ग्रंथी गळ्यात श्वासनलिकेला बिलगून असते, फुलपाखरासारखी, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. बोकडाच्या गळ्यात मला फुलपाखरू कधी दिसलं नाही. दोन बाजूंना दोन तांबूस, लांबट बिया, आणि त्या नीट बघेपर्यंत कसाई पुढच्या बोकडाकडे वळलेला.

कत्तलखान्यातल्या त्या माणसाला मी चित्र काढून समजावलं, स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून समजावलं. तो मान हलवायचा आणि लाळेची गाठ काढून द्यायचा. कधी नुसती चरबी. एकदा त्यानं आख्खा नळा कागदात गुंडाळून हातात ठेवला. "घ्या बाई, ह्यात काय पायजे ते तुमचं तुमी बघून काढा." त्या दिवसापासून मीच पदर खोचून सुरी घेऊन उभी राहायला लागले, शेजारी बर्फाचा थर्मास. सकाळची गिऱ्हाइकं सरळ माझ्याकडे यायची आणि कलेजी आहे का विचारायची.

प्रश्न साधा होता, निदान बोलायला. शरीराच्या प्रत्येक पेशीत जवळजवळ सगळी जनुकं असतात, पण प्रत्येक पेशीत सगळी जागी नसतात. थायरॉईडच्या पेशीत एक जनुक जागं असतं, त्याच्या बळावर ती एक भलंमोठं प्रथिन बनवते आणि त्या प्रथिनातून पुढे थायरॉईडचं हार्मोन निघतं. मग ह्या जनुकाला जागं कोण ठेवतं? मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी आहे. तिच्याकडून रक्तातून निरोप येतो, काम कर. हा निरोप जनुकापर्यंत जातो का, एवढंच आम्हाला बघायचं होतं.

त्यासाठी बोकडाच्या ग्रंथीचे बारीक तुकडे करायचे, पेशी सुट्या करायच्या, काचेच्या डिशमध्ये लावायच्या. निम्म्या डिशमध्ये पिट्युटरीचं हार्मोन घालायचं, निम्म्यात नाही. काही दिवसांनी पेशी फोडून त्यांतला आरएनए काढायचा. जनुक जागं असेल तर त्याच्या नकला ह्या आरएनएत सापडतात. मग किरणोत्सारी खूण लावून त्या नकला एक्स-रेच्या फिल्मवर उमटवायच्या. काळा ठिपका म्हणजे जनुक जागं. हार्मोनवाले ठिपके काळे यायला हवेत आणि बाकीचे फिके.

माझे सगळेच काळे यायचे.

आमचे सर धारवाडकडचे, बरीच वर्षं परदेशात राहून आलेले. त्यांना मी कधी चिडलेलं पाहिलं नाही आणि ह्याचाच मला राग यायचा. फिल्म उजेडाकडे धरायची, चष्मा कपाळावर सरकवायचा, आणि म्हणायचं, "मत्तोम्मे माड्री." पुन्हा एकदा करा. कानडी मला लहानपणापासून येतं, पण त्या दोन शब्दांनी मला त्या भाषेचा काही दिवस कंटाळा आला होता.

पुन्हा करणं त्यांच्या तोंडून सोपं होतं. लाईट गेली की पेशींची उबदार पेटी गार पडायची. कॉलेजचा जनरेटर ऑपरेशन थिएटरसाठी होता. तिथल्या माणसाला मी विनवलं, तर तो म्हणाला, "बाई, तुमचं बोकड मेलेलंच हाय की आधी." एक्स-रे विभागात फिल्म मागायला गेले की विचारायचे, हात का पाय? मी सांगायची, ठिपके. पेशींना लागणारं सीरम म्हणजे वासराच्या रक्तातला पाण्यासारखा भाग. तो मुंबईहून बर्फात यायचा आणि पुष्कळदा बर्फ कोल्हापूरपर्यंतच टिकायचा. पुण्यातले माझे जुने सोबती भेटले की म्हणायचे, बेळगावात हे काम होतं का? मी म्हणायची, होतं. आणि पिरनवाडीच्या भाड्याच्या खोलीवर येऊन ज्वारीचं पीठ मळताना त्याच्यावरच राग काढायची.

शनिवारी दुपारी मी निपाणीला जायची. यमकनमर्डी, संकेश्वर करत गाडी निपाणीत शिरली की तंबाखूचा खकाणा नाकात जायचा आणि घर आल्याचं कळायचं. आई-बाबांची हयात तिथल्या वखारीत तंबाखू चाळण्यात गेली होती. बाबा आता नव्हते. अण्णा, म्हणजे माझा मोठा भाऊ, शिकून शाळेत मास्तर झाला होता. त्याची बायको कणकुंबीच्या बाजूची, जंगलातल्या गावातली. लग्न होऊन आली तेव्हा अशी चटपटीत की दोन घागरी घेऊन चालता चालता नळावरच्या भांडणात भाग घ्यायची आणि जिंकायचीसुद्धा.

तीच वहिनी आता चुलीपुढे दोन भाकऱ्यांच्या मध्ये झोपायची. पिठाचा हात तसाच परातीत. भर उन्हाळ्यात, निपाणीत माणसं ओल्या पंच्यानं अंग पुसत बसलेली, आणि ही अंगात स्वेटर घालून. तोंड सुजल्यासारखं. आवाज घोगरा झालेला. भुवयांचे बाहेरचे केस विरळ झालेले. मी बेळगावात दिवसभर ज्या ग्रंथीत डोकं घालून बसायची, तिचं दुखणं आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेलं होतं.

"अण्णा, वहिनीचं रक्त तपासायला पाहिजे," मी म्हटलं. "तिचं थायरॉईड कमी पडतंय."

अण्णा पेपर वाचत होता. "तुला काय, बोकडातबी थायरॉईड दिसतंय, माणसातबी थायरॉईडच दिसतंय."

"माणसात असतंच ते."

"मग हिच्यात न्हाय म्हणतीस?"

"आहे. पण ते काम करत नाही."

"मग आई तरी दुसरं काय म्हणती?" असं म्हणून तो हसला आणि पान उलटलं.

आईचं म्हणणं सगळ्या गल्लीला माहीत होतं. तिच्या मते सुनेच्या अंगात आळस भरला होता. "आमी दिवसभर वखारीत उभं राहून घरला यायचो आन मग सैपाक करायचो. हिला घरातलं घरात होईना." मी आईला समजावायला बसले, गळ्यातली ग्रंथी, रक्तातलं हार्मोन, सगळं. आईनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आन हे आमच्या टायमाला का नव्हतं?"

वहिनीला सांगावं, तर ती म्हणायची, "मला काय झालंय वन्सं? वय झालं." तिशी नुकती कुठे ओलांडली होती तिनं. मी तिला घाबरवून पाहिलं. हृदयावर परिणाम होतो, अंगाला सूज येते, पुढे पुढे माणूस गुंगीत जातो, असं सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता झोपली.

वर्षभर हे चाललं होतं. दर शनिवारी मी सांगायची आणि दर शनिवारी काहीतरी निघायचं. पोरांची परीक्षा, तिच्या भावाचं लग्न, विहारातला कार्यक्रम, गाडीला गर्दी. सोमवारी परत येऊन बघावं तर डिशमधल्या पेशीही तशाच, हट्टी. कधीकधी मला वाटायचं, ह्या सगळ्या मिळून ठरवून करताहेत.

एकदा घरी पाहुणे आले होते. आईनं त्यांच्यासमोर सहज म्हटलं, "आमची सून म्हशीवानी बसून असती." पाहुणे हसले. वहिनीनं चहाचे कप उचलले आणि मागच्या दारी घासायला बसली. मी तिच्याजवळ गेले. कपाकडे बघतच तिनं विचारलं, "वन्सं, त्या तपासणीत आळस कळतो व्हय?"

"म्हणजे?"

"म्हणजे मला आळस हाय का रोग हाय, ते कळतं का त्यात?"

"कळतं."

"मग मी येती. रोग निघाला तर डॉक्टरकडनं लिवून घेईन. आत्याबाईंच्या पुढ्यात टाकीन ते."

वर्षभर मी हृदय सांगितलं, सूज सांगितली, गुंगी सांगितली. त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. सासूपुढे टाकायला कागद पाहिजे म्हणून ती गाडीत बसली.

आमच्या कॉलेजातल्या मेडिसिनच्या डॉक्टरांनी तिला खुर्चीवर गुडघे टेकून बसवलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबराची हातोडी मारली. पाऊल पटकन हललं, पण जागेवर यायला सावकाश आलं, जणू विचार करत. डॉक्टर खूश झाले, थायरॉईड कमी असल्याची ही पुस्तकातली खूण होती. त्यांनी विद्यार्थ्यांना बोलावलं. मग एकेकानं हातोडी मारली. वहिनी माझ्याकडे बघून दबल्या आवाजात म्हणाली, "ह्यांनी काय माझ्या पायाचा बाजार मांडलाय?" तिच्या तोंडून एवढा राग मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते. मला बरं वाटलं.

रक्त काढलं. त्याची तपासणी मुंबईत होणार होती. निपाणीच्या गाडीला वेळ होता म्हणून मी तिला प्रयोगशाळेत नेलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली माझ्या पेशी दाखवल्या. तिनं एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

"ह्या काय करत्यात?"

मी तिला सांगितलं. मेंदूखालची ग्रंथी हुकूम सोडते, गळ्यातल्या पेशी कामाला लागतात. तुझ्या गळ्यातल्या लागत नाहीत, म्हणून वरची आणखी जोरात ओरडत असणार, आणि तेच रक्तात मोजायचं आहे.

"मग आमच्या घरासारखंच की," वहिनी म्हणाली. "वरनं आत्याबाई वरडत्यात, खाली कुणाला ऐकू जात न्हाय."

त्या दिवशी गाडी मिळालीच नाही. दुपारनंतर बंद पुकारला गेला. सीमाभागात बंद काही नवा नव्हता. आम्ही शाळेत असल्यापासून दर थोड्या दिवसांनी दुकानांची दारं खाली यायची, मोर्चे निघायचे, दगड पडायचे. हा बंद मात्र लांबला. संकेश्वरच्या पुढे गाड्या जात नव्हत्या, नंतर बेळगावातूनच सुटेनात. वहिनी माझ्या पिरनवाडीच्या खोलीत अडकली आणि माझं सीरम कोल्हापुरात अडकलं.

वहिनी झोपायची. मी पिरनवाडीहून कॉलेजपर्यंत तंगडतोड करत जायची, कारण बंदच्या आधी लावलेल्या पेशी डिशमध्ये होत्या आणि त्यांना बंद कळत नव्हता. रस्त्यात ह्या बाजूचे अडवायचे, त्या बाजूचे अडवायचे. कुठे चाललीस, असं एकानं मराठीत विचारलं आणि एकानं कानडीत. दोघांनाही मी सांगितलं, पेशींना खायला घालायला. दोघांनीही मला वेडी समजून सोडलं. त्या बाबतीत सीमाभागात एकमत होतं.

पण घालायचं काय? सीरमची बाटली तळाला गेली होती. पेशी ज्या पाण्यात वाढतात त्यात सीरमचा चांगला मोठा वाटा घालायचा अशी आमची रीत. मी थेंब थेंब करून पुरवलं. पेशी मरणार हे धरूनच चालले होते. बंद संपला की सरांना सांगायचं, मेल्या, आणि त्यांच्या 'मत्तोम्मे'ची वाट बघायची.

पेशी मेल्या नाहीत. थोड्या रोडावल्या, पण जगल्या. फेकून देण्याआधी एकदा बघावं म्हणून मी आरएनए काढला आणि फिल्म लावली. डार्करूममध्ये तांबड्या दिव्याखाली फिल्म धुताना आधी वाटलं, पुन्हा काहीतरी बिघडलं. एका ओळीत काळे ठिपके होते. खालची ओळ जवळजवळ कोरी. मी फिल्म उलटी करून पाहिली. ओळी तपासल्या. काळे ते हार्मोनवाले होते, कोरे ते बिनहार्मोनचे.

सरांनी फिल्म उजेडाकडे धरली, चष्मा वर सरकवला.

"सीरम कमी कुणी करायला सांगितलं?"

"कुणी नाही सर. बंद होता."

ते म्हणाले, "मत्तोम्मे माड्री." ह्या वेळी ते स्वतः माझ्यामागून डार्करूममध्ये आले.

पुन्हा केलं. सीरम कमी ठेवलं की फरक दिसायचा. सीरम परत वाढवलं की दोन्ही ओळी काळ्या. तेव्हा उलगडलं. सीरममध्येच असं काहीतरी होतं, इन्सुलिनच्या जातीचं, की जे त्या जनुकाला परस्पर जागं ठेवत होतं. ज्या डिश मी इतके महिने उपाशी समजत होते, त्यांना मीच रोज भरपेट वाढत होते. जनुकाला एकाच ठिकाणाहून हुकूम येतो असं आम्ही धरलं होतं. त्याला दोन ठिकाणांहून येत होते.

मी आनंदानं नाचायला हवं होतं. मला नुसती चीड आली. त्या महिन्यांची, त्या बोकडांची, कोल्हापूरच्या स्टँडवर वितळलेल्या बर्फाची. आणि आम्ही सगळं लिहून काढेपर्यंत परदेशातल्या एका प्रयोगशाळेचा निबंध आला. त्यांनी उंदराच्या पेशींवर जवळपास हेच दाखवलं होतं. त्यांच्याकडे बंद नसताना त्यांना हे कसं सुचलं, मला माहीत नाही. सर म्हणाले, "म्हणजे आपण बरोबर होतो." आमचा निबंध एका लहानशा नियतकालिकात छापून आला. मला आता त्याचा अभिमान आहे. तेव्हा नव्हता.

बंद उठल्यावर वहिनी निपाणीला गेली होती. मुंबईहून तिचा निकाल आला तो मी स्वतः घेऊन गेले. पिट्युटरीचं हार्मोन भरमसाट वाढलेलं, थायरॉईडचं जवळजवळ नाहीच. डॉक्टरांनी रोज सकाळी घ्यायची गोळी लिहून दिली होती, आणि वहिनीनं बजावल्याप्रमाणे मी त्यांच्याकडून खाली एक ओळ मराठीत लिहून घेतली होती: हा आळस नसून आजार आहे. डॉक्टरांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं होतं, पण लिहिलं.

वहिनीनं कागद आईच्या मांडीवर ठेवला. आईला वाचता येत नव्हतं. अण्णानं वाचून दाखवला. ती ओळ वाचताना त्याचा आवाज थोडा उतरला.

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "मग हे आदी सांगायचं न्हाय व्हय?"

"वर्षभर सांगतेय मी, आई."

"तू बोकडाचं सांगत होतीस."

त्यावर मी उठून बाहेर गेले.

गोळी सुरू झाली. दोनेक महिन्यांत वहिनीचा स्वेटर पेटीत गेला. तोंडावरची सूज ओसरली. एका शनिवारी गल्लीच्या तोंडाशीच मला तिचा आवाज ऐकू आला, नळावर कुणाची तरी खरडपट्टी काढत होती. मी पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले. ते भांडण मी शेवटपर्यंत ऐकलं.

आणि मग तिनं गोळी बंद केली.

मला कळलं ते तिचा आवाज पुन्हा बसायला लागला तेव्हा. "बरं वाटतंय की आता," ती म्हणाली. "मग गोळी कशाला?"

"गोळीमुळे बरं वाटतंय."

"व्हय. वाटलं. मग झालं की."

मी तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. ही गोळी म्हणजे ताप उतरवायची गोळी नव्हे, तुझी ग्रंथी आता हे बनवणार नाही, ती गेली, रोज घ्यावी लागेल, मरेपर्यंत. शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. वहिनी पांढरी पडली. अण्णा मला म्हणाला, "असं बोलत्यात व्हय गं?" मला सांगता येईना की इतके दिवस नीट बोलून काय झालं होतं.

हे सोडवलं आईनं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तांब्याभर पाणी आणि गोळी घेऊन सुनेपुढे उभी राहिली. "घे. मला परत म्हस म्हणायला लावू नको." वहिनीनं घेतली. पुढे आई होती तोवर रोज सकाळी असंच चाललं. आई गोळी द्यायची, वहिनी तोंड वाकडं करून गिळायची, आणि दोघीही माझं नाव काढायच्या नाहीत.

काही वर्षांनी सर निवृत्त झाले. नवीन साहेबांना पेशींत रस नव्हता. ती उबदार पेटी दुसऱ्या विभागात गेली आणि मी शिकवण्याकडे वळले. कत्तलखान्यात जाणं बंद झालं.

वहिनीला मात्र आता सगळ्या जगाचे गळे दिसायला लागले होते. रविवारी विहारातली वंदना झाली की ती दोन-चार बायकांना घेऊन घरी यायची. मी जेवत असले तरी समोर उभी करायची. "वन्सं, हिचा गळा बघा जरा." मी सांगायची, मी गळे तपासणारी डॉक्टर नव्हे, ह्यांना दवाखान्यात न्या. "बघायला काय जातंय?" वहिनी म्हणायची. बायका पदर सारून माना वर करायच्या. एकीचा गळा खरंच सुजलेला निघाला आणि तिच्यावर वेळेत इलाज झाला. त्यानंतर तर रांगच लागली. माहेराहून, पार कणकुंबीकडून, वहिनीची चुलती आली. माझा हात धरून तिनं तो आपल्या गुडघ्यावर ठेवला.

"मावशी, हा गुडघा आहे," मी म्हटलं.

"व्हय गं," ती म्हणाली. "ह्येच दुखतंय."